न दिसलेल्या पक्ष्याची नोंद

स्वयंसेवी पक्षी-सर्वेक्षण म्हणजे ठरलेल्या जागी, ठरलेला वेळ थांबून किंवा चालून, दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या सर्व पक्ष्यांची जात व संख्या लिहून ठेवणे; आणि हे काम पगारासाठी न करता आपणहून करणे. महाराष्ट्रात या कामाची चांगली परंपरा आहे. पक्षिमित्रांची संमेलने १९८० च्या दशकापासून भरत आली आहेत. जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ साली सुरू झाली. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवून दिला. अशा नोंदींचा संवर्धनाला उपयोग होतो, हे आता कोणी नाकारत नाही. पण त्या उपयोगाच्या मुळाशी दोन जुने प्रश्न आहेत. हौशी माणसाने लिहिलेला आकडा ज्ञान म्हणून का स्वीकारायचा? आणि ‘पक्षी दिसला नाही’ या वाक्याला ज्ञानाचा दर्जा मिळतो का? भारतीय दर्शनांनी या दोन्ही प्रश्नांवर शतकानुशतके वाद घातला आहे, आणि त्या वादातून हाती लागलेली साधने पक्षी मोजणाऱ्याला आजही उपयोगी पडतात.

हे प्रश्न कोठे खरे होतात ते पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याचे फुलसावंगी घेता येईल. काळी जमीन; कापूस, सोयाबीन, तूर. पैनगंगेपलीकडे माहूरचा डोंगर, नदीच्या वरच्या अंगाला इसापूरचा जलाशय, उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य. अभयारण्यात निदान वनखात्याची फेरी असते. जलाशयावर हिवाळ्यात दुर्बीण घेतलेली माणसे पोहोचतात. या दोहोंच्या मधे पसरलेले शिवार मात्र कोणाच्याच यादीत नसते. धुऱ्यावरची बाभूळ, नाल्याचा काठ, ई-क्लासची सरकारी पडीक जमीन, गावाजवळची विहीर यांची पाळी सर्वेक्षणात सहसा येत नाही. देशभरच्या नोंदी शहरांच्या आसपास आणि नावाजलेल्या जंगलांत दाटून येतात, आणि भारतातले बहुसंख्य शेतकरी ज्या जमिनीवर राबतात ती जमीन कोरी राहते. या कोरेपणाचा अर्थ काय लावायचा, येथून सुरुवात करावी लागते.

वैशेषिक परंपरेने अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. वस्तू निर्माण होण्याआधी नसते तो प्रागभाव. नष्ट झाल्यावर नसते तो प्रध्वंसाभाव. जी वस्तू त्या ठिकाणी कधीच नसते तिचा अत्यंताभाव. आणि एक वस्तू दुसरी नसते तो अन्योन्याभाव. तर्कशास्त्राच्या वर्गात ही यादी कोरडी वाटते. शिवारात ती कोरडी राहत नाही. एखाद्या गावात आज गिधाड नाही, एवढे म्हणून काहीच कळत नाही. ते तेथे कधी नव्हतेच, की होते आणि गेले? पहिल्या बाबतीत कोणावर काही जबाबदारी येत नाही; दुसऱ्या बाबतीत कारण शोधावे लागते. डोळ्यांना दोन्ही अभाव सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक केवळ जुनी नोंद सांगू शकते.

नैयायिकांनी याच मुद्द्याला आणखी धार दिली. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव आहे तो त्याचा प्रतियोगी, आणि प्रतियोगीचे ज्ञान नसेल तर अभावाचे ज्ञान होत नाही. ज्याने घडा कधी पाहिला नाही त्याला रिकामी जमीन दिसेल, पण ‘येथे घडा नाही’ हे कळणार नाही. पक्ष्यांच्या बाबतीत ही अट एका माणसापुरती राहत नाही, पिढ्यांवर पसरते. आजोबांनी मेलेल्या बैलावर उतरलेली गिधाडे पाहिली असतील. नातवाने ती पाहिलीच नाहीत, म्हणून त्याला त्यांची उणीव जाणवत नाही. पांढऱ्या पाठीचे गिधाड एके काळी भारतात इतके विपुल होते की ते मोजावे असे फारसे कोणाला वाटले नाही. ते संपू लागल्यावर ही घट आकड्यांत सांगता आली, कारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काही संशोधकांनी रस्त्यांवरून जाता जाता गिधाडे मोजून ठेवली होती. त्याच मार्गांवरच्या पुढच्या मोजणीत १९९२ ते २००७ या काळात या जातीची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटल्याचे निघाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारण असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. पहिली मोजणी नसती तर दुसरीला अर्थ उरला नसता.

यवतमाळ जिल्ह्याला याचे अधिक जवळचे आणि अधिक दुःखद उदाहरण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यातल्या शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. काही जणांचा जीव गेला. माणसे रुग्णालयात पोहोचली म्हणून त्यांची नोंद झाली, चौकशी झाली. त्याच कपाशीत किडे-अळ्या टिपणाऱ्या साळुंक्या, कोतवाल आणि वेडे राघू यांचे काय झाले, हे सांगायला आधीचा आकडा हवा होता. येथे पक्ष्यांना माणसांच्या बरोबरीला बसवायचे नाही. पण एकच विष एकाच शेतात पडते, तेव्हा पक्ष्यांची नियमित नोंद माणसालाही आधी सावध करू शकते. ती नोंद रुग्णालय ठेवणार नाही. ती त्या गावात राहणाऱ्या कोणीतरीच ठेवायची असते.

आता पुढचा प्रश्न. अभाव कळतो तरी कसा? सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट आणि त्यांच्या मागोमाग अद्वैती यांनी त्यासाठी अनुपलब्धि हे वेगळे प्रमाण मानले. नैयायिकांनी अभाव प्रत्यक्षानेच कळतो असे म्हटले. बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी तो अनुमानात घातला. मतभेद खोल होते, पण एका अटीवर तिन्ही पक्ष जवळ आले: न दिसणे पुरेसे नाही, दिसण्याजोगे असूनही न दिसणे हवे. प्रकाश आहे, डोळे ठीक आहेत, आड काही नाही, आणि वस्तू असती तर दिसलीच असती. एवढे असेल तरच तिचे न दिसणे पुरावा ठरते. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. या अटीला योग्यानुपलब्धि म्हणतात.

पक्षी-सर्वेक्षणाच्या सगळ्या पद्धती या एका अटीभोवती उभ्या आहेत. तणमोराचे उदाहरण घ्यावे. गवताळ माळावरचा हा पक्षी आज जगातून नाहीसा होण्याच्या टोकावर आहे, आणि अकोला-वाशीम भागात तो पावसाळ्यात आढळल्याच्या नोंदी आहेत. विणीच्या दिवसांत नर गवतातून उभा उडी मारतो, म्हणून तो दिसतो. एरवी गुडघाभर गवतात चार पावलांवर बसलेला तणमोर जाणत्याच्याही नजरेतून सुटतो. जानेवारीत माळ पालथा घातला आणि तणमोर दिसला नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, सकाळी, पुरेसा वेळ थांबून तो दिसला नाही, तर ती नोंद बोलू लागते. म्हणूनच सर्वेक्षणाच्या कागदावर पक्ष्यांच्या नावांइतकीच किंमत सुरू केल्याची वेळ, किती मिनिटे, किती अंतर, किती माणसे आणि हवा कशी होती या रकान्यांना असते. नवख्याला ते रकाने कारकुनी वाटतात. प्रत्यक्षात ‘नाही’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार तेच देतात.

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री जंगलातल्या पाणवठ्यांवर बसून प्राणी मोजण्याची महाराष्ट्रातली पद्धत याच अटीवर बेतलेली होती. उन्हाळ्याच्या ऐन भरात पाणी थोड्याच ठिकाणी उरते, प्राण्याला तेथे यावेच लागते, आणि चांदणे स्वच्छ असते. यवतमाळ जिल्ह्यातही स्वयंसेवक मचाणावर बसून अशी रात्र काढतात. शास्त्राच्या दृष्टीने ही मोजणी कच्ची आहे. एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो, दिवसा येणारे सुटतात, आणि वाघांसाठी आता कॅमेरे लावले जातात. वनखात्यानेही तिला निसर्गानुभव असे नाव दिले आहे, आणि ते योग्यच झाले. तरीही ज्या तिथीला बुद्धाचा जन्म, बोधी आणि परिनिर्वाण मानले जाते त्या तिथीला शेकडो माणसांनी रात्रभर न बोलता, न हलता, हातात पेन्सिल घेऊन जागे राहावे, याचे मोल आकड्यांच्या अचूकपणावर संपत नाही.

ज्ञान मिळाले, तरी ते दुसऱ्याने का मानावे? येथे शब्दप्रमाण येते. न्यायसूत्रांनी आप्ताचे वचन प्रमाण मानले. त्यावरच्या भाष्यात वात्स्यायनांनी आप्त कोण हे सांगताना वस्तूचा साक्षात अनुभव, आणि जसे पाहिले तसेच सांगण्याची इच्छा, यांवर भर दिला. पुढे त्यांनी जे म्हटले ते आजही धाडसी वाटते: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. जन्म, पदवी, हुद्दा यांचा त्यात समावेश नाही. स्वयंसेवकाच्या नोंदीचा पाया यापेक्षा नेमका मांडता येणार नाही. विदर्भात तितर-लाव्यांचा आवाज, बसण्याची जागा आणि अंडी घालण्याचे दिवस फासेपारधी समाजाइतके बारकाईने जाणणारे लोक कमी आहेत. ज्या ज्ञानावर शिकार चालत होती तेच ज्ञान संरक्षणाच्या कामी येते, आणि तणमोरासारख्या पक्ष्याच्या बाबतीत ते आलेही आहे. फुलसावंगीच्या आसपासच्या तांड्यांवरचे आणि आंध आदिवासींच्या वस्त्यांमधले गुराखी दिवसभर ज्या माळावर असतात, तेथे शहरातला अभ्यासक वर्षातून एखादी सकाळ काढतो. वात्स्यायनांच्या कसोटीवर आप्त कोण, हे सांगायला नको.

आप्तपणाचा दुसरा निकष, पाहिले तसे सांगणे, मोडला तर काय होते हे रानपिंगळ्याच्या इतिहासात दिसते. हे छोटे घुबड ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिले. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर खात्रीची नोंद थांबली. अपवाद एकच होता: रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित इंग्रज संग्राहकाचा, १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा असलेला नमुना. पुढे पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिले की तो डेव्हिडसनचाच एक नमुना होता. चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला ठेवून खऱ्या नोंदींच्या मागावर गेलेल्या रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटात आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा येथेही आढळला. मान, पद आणि मोठा संग्रह असलेल्या माणसाची नोंद खोटी निघाली. एका जिल्हा अधिकाऱ्याने फावल्या वेळात प्रामाणिकपणे लिहिलेली ठिकाणे शतकानंतर खरी ठरली.

प्रामाण्याविषयीचा एक जुना वादही येथे सुटताना दिसतो. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाध येईपर्यंत ते खरे मानावे. नैयायिकांच्या मते त्याचे खरेपण बाहेरून तपासावे लागते. आजची सर्वेक्षणे दोन्ही मार्ग वापरतात. गावातल्या साळुंकीची नोंद कोणी अडवत नाही. त्याच गावात माळढोक लिहिला तर छायाचित्र, वर्णन, दुसरा साक्षीदार मागितला जातो, आणि तो मागणारे परीक्षकही बहुधा स्वयंसेवकच असतात. एकेकट्या नोंदीतली चूक अनेकांच्या स्वतंत्र नोंदींत विरते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. एवढे साक्षीदार कोणत्याही सरकारी खात्याला नेमता आले नसते.

ज्ञानाच्या प्रश्नानंतर धर्माचा प्रश्न येतो: पक्ष्याकडे कशासाठी पाहायचे? माहूर हे दत्ताचे ठाणे आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेय मानते, आणि एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली. त्या गुरूंत कपोत आणि कुरर हे पक्षी आहेत. कपोत पिलांच्या मोहाने जाळ्यात सापडतो. कुरर मांसाचा तुकडा टाकून देतो आणि मागे लागलेल्यांपासून सुटतो. माणसाने पक्ष्याकडून शिकावे, हा विचार उदार आहे. पण त्यात पक्षी माणसाच्या मोक्षाचे साधन राहतो. धडा घेतला की त्याचे काम संपते. दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानण्याची रूढी विदर्भात आहे, आणि तिच्यामागची श्रद्धा खरी आहे. तीच रूढी देशाच्या काही भागांत पक्षी पकडून, पाय बांधून दाखवण्यापर्यंत गेली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आपल्या पुण्यासाठी पाहणे आणि त्याच्या असण्यासाठी पाहणे यांतले अंतर येथे उघडे पडते. २०२३ च्या त्याच अहवालात, जागतिक यादीत निर्धास्त समजल्या गेलेल्या ज्या १४ जातींचे पुन्हा मूल्यमापन करावे अशी शिफारस आहे, त्यांत हा नीलकंठ आहे. दर्शन घेणाऱ्या लाखोंना ही घट वर्षातल्या एका दिवसावरून कळणे शक्य नव्हते. ती वर्षभर, शुभ-अशुभ न पाहता लिहिणाऱ्यांना कळली.

शुभ-अशुभ न पाहणे हा सर्वेक्षणाचा सर्वांत कठीण नियम आहे, आणि त्याचे नाते गीतेतल्या समदृष्टीशी आहे. पूर्ण यादी म्हणजे कावळा, होला, टिटवी, सगळे. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे धावणाऱ्याची यादी मोठी दिसते, पण तिच्यातून कोणत्याही जातीची वाढ-घट काढता येत नाही, कारण त्याने काय लिहिले नाही आणि काय पाहिलेच नाही हे वेगळे करता येत नाही. फळाची इच्छा यादीत शिरली की यादी बिघडते. फेरीत मनासारखे काही दिसले नाही तरी ती तेवढ्याच निगुतीने भरायची असते. निष्काम कर्म हा शब्द व्याख्यानांत स्वस्त झाला आहे. वीस मिनिटांत चार कावळे आणि एक साळुंकी लिहून ती नोंद पाठवणे, हे त्याचे नेमके आणि तपासता येण्याजोगे उदाहरण आहे.

सत्य सांगणे हा धर्म असेल, तर सगळे सत्य सर्वांना सांगावे का? महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या सत्यव्रती ब्राह्मणाची कथा आहे. पळून लपलेल्या माणसांची जागा त्याने लुटारूंना खरी सांगितली, ती माणसे मारली गेली, आणि त्या सत्याने तो नरकात गेला. पक्ष्यांच्या नोंदीत हा पेच रोजचा आहे. दिवाळीच्या सुमारास घुबडांना जादूटोण्यासाठी पकडले जाते. रानपिंगळ्याच्या ढोलीचे किंवा गरुडाच्या घरट्याचे नेमके ठिकाण जाहीर करणारा कौशिकाच्याच जागी उभा असतो; घरट्याजवळ गर्दी करणारे छायाचित्रकारही तेथे पोहोचतात. म्हणून संवेदनशील जातींची ठिकाणे संकेतस्थळांवर झाकली जातात. नोंद खरी ठेवायची आणि तिची वाट अरुंद करायची, हा मार्ग अहिंसेला सत्याच्या वर ठेवणाऱ्या परंपरेशी जुळतो. चक्रधरस्वामींनी पारध्यांपासून ससा वाचवल्याची लीळा महानुभाव पंथात आदराने सांगितली जाते. तीत शरण आलेल्या जीवाचा आसरा मोडला जात नाही.

मोजल्याने पक्षी वाचतात काय, हा आक्षेप गंभीर आहे. नुसत्या मोजण्याने नाही वाचत. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात ज्ञान आधी आणि दया त्यानंतर असा क्रम आहे. ज्याला जीव कोणता आणि अजीव कोणता हे कळत नाही, तो संयम कसा पाळणार, असा तेथला विचार आहे. पक्ष्यांना दाणे टाकणारी दया सुंदर आहे, पण ती दाण्यावर येणाऱ्या पारव्यापर्यंतच पोहोचते. गवत गेल्याने नाहीसा होणारा तणमोर त्या दयेला ठाऊकच नसतो. ज्ञानामागून कृती आली की काय घडते, त्याचे उदाहरण पूर्व विदर्भात आहे. गोंदिया आणि भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात स्वयंसेवक, शेतकरी आणि वनविभाग पहाटे ठरलेल्या तळ्यांवर आणि बांधींवर एकाच वेळी थांबून सारस मोजतात. ही संख्या अगदी थोडी आहे आणि घटते आहे, हे त्या मोजणीमुळे कळले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि विजेच्या तारा, कीटकनाशके, पाणथळ जागा यांबद्दल प्रशासनाला उत्तरे द्यावी लागली. सारस अजून सुरक्षित नाही. पण त्याच्याविषयी ‘आहे की नाही ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सोय आता कोणालाही उरलेली नाही.

ती सोय अन्यत्र भरपूर उरली आहे. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. दीर्घकाळाचा कल सांगण्याइतक्या नोंदी फक्त ३३८ जातींच्या होत्या. त्यांतल्या २०४ घटत आहेत, ९८ स्थिर आहेत, ३६ वाढत आहेत. उरलेल्या ६०४ जातींबाबत दीर्घकाळाचे उत्तर नाही, आणि न दिसण्याची योग्यता सिद्ध झालेली नसल्याने ‘धोका नाही’ असेही म्हणता येत नाही. फुलसावंगीसारख्या गावात हे काम फार मोठ्या साधनांचे नाही: नाल्याचा काठ, एक धुरा, एक पडीक तुकडा अशा दोन-तीन जागा, प्रत्येक ऋतूत तीच वाट, तीच वेळ, तेवढीच मिनिटे, पेरणीआधी एकदा, फवारणीच्या दिवसांत एकदा, कापूस वेचताना एकदा. शाळेतली मुले आणि गुराखी मिळून ते करू शकतात, आणि पहिल्या वर्षाची यादी कितीही साधी असली तरी पुढच्या प्रत्येक वर्षाचा प्रतियोगी तीच ठरते.